उचलता येणारं दार

मी काचेचा पल्ला वर उचलून धरला होता आणि पुंजा खालच्या खाचेतली रेती खराट्याच्या काडीनं काढत होती. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. तेव्हा तसं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "नीट धरा जी, खाली बोटं हायेत माही." मी म्हणालो, "किती हायेत ते आधी मोजून ठेव." एवढंच.

वणीजवळ कोळशाच्या खाणीवर एका सायबाचा बंगला होता. मागच्या व्हरांड्याला सरकता दरवाजा. म्हणजे बिजागऱ्या नाहीत. सागवानी चौकटीत काच बसवलेले दोन पल्ले, खाली खाच, वर खाच, त्यात ते इकडून तिकडे सरकतात. आमच्याकडे तेव्हा असं दार नवीनच. एका दुपारी बाईसाहेब पोरांना घेऊन पुढच्या खोलीत होत्या आणि मागून कोणी तरी येऊन भांडी घेऊन गेलं. दाराची कडी लागलेलीच होती.

सायेब म्हणाले, "मिस्त्री, मोठं कुलूप बसवा. मला उद्या ड्यूटीवर चांद्याला जायचंय. पंधरा दिवस तरी लागतील."

"बसवतो."

दोन्ही पल्ले एकमेकांना जखडतील असं कुलूप बसवलं. सायबांनी ओढून पाहिलं, खूष झाले. पुंजा पॉलिशच्या कामाला माझ्यासंगं यायची. ती बाहेर उभी राहून दाराकडे पाहत होती.

"काय पाहून राह्यली वं?"

"कुलूप तं पल्ल्याले लावलं. पल्ला कायले लावला?"

"खाचेत हाय ना तो."

तिनं पल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली, वर रेटली आणि खालचं टोक बाहेर ओढलं. कुलूप जागच्या जागी, आणि बाजूला माणूस शिरेल एवढी फट.

सायेब हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. "म्हणजे पंधरा दिवस मी पोरं घेऊन या दारामागं झोपायचं?"

कारण साधं आहे. पल्ला बसवताना आधी वरच्या खाचेत सारतात, मग खाली सोडतात. त्यासाठी वर जागा ठेवावीच लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यालाही जागा पाहिजे. पण आमच्याकडचा वैशाख सागवानालासुद्धा सुकवतो. मग फट आणखी वाढते, आणि पल्ला जसा बसवला तसाच बाहेरून काढता येतो.

उपाय दोन. खालच्या खाचेत मापाचा दांडका आडवा टाकायचा, म्हणजे पल्ला सरकत नाही. आणि वरच्या खाचेत लांब स्क्रू अर्धेच पिळायचे. त्यांची डोकी पल्ल्याच्या माथ्याशी येतात, म्हणजे तो उचलत नाही. खाच साफ करून दांडका त्याच दिवशी टाकला. लांब स्क्रू पिशवीत नव्हते. "उद्या सकाळी घेऊन येतो," असं बाईसाहेबांना सांगून आम्ही घरी आलो.

सकाळी पुंजा उठली नाही. आजार नाही, काही नाही. तो दिवस तिला पोचवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली, तर पुंजाचा भाऊ, माझा साळा, आडवा आला.

"जवाई, सुतकात हत्यार धरता? लोक काय म्हणतीन?"

"लोकायच्या घरी चोर नाई शिरला. आन् सूतक तं बुद्धाची दीक्षा घेतली तवाच तुह्या बहिणीनं घरातून काढलं. माही माय मेली तं दुसऱ्या दिवशी कापूस वेचाले गेलती."

तो बाजूला झाला. मी वणीच्या बाजारात जाऊन दुकान उघडायची वाट पाहिली, स्क्रू घेतले आणि बंगल्यावर गेलो. बाईसाहेबांनी मागच्या दाराला आतून पलंग, पिठाचा डबा, पाटा, सगळं लावून ठेवलं होतं. डोळे लाल. काचेआडूनच म्हणाल्या, "काल का नाही आलात?"

"बायको गेली माही."

त्या काचेपासून एक पाऊल मागे सरल्या. मग म्हणाल्या, "अहो, मग तुम्हाला सूतक असेल ना?"

"आमच्यात नाई आता. तुम्ही पाळत असान तं मी आत येत नाई. बाहेरूनच बसवतो."

त्यांनी एकदा वरच्या खाचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाहेरून बसवलं तर बाहेरून काढताही येईल," त्या म्हणाल्या, आणि पिठाचा डबा सरकवू लागल्या. "आत या."

स्क्रू बसवले. मग त्यांनाच बाहेर जाऊन पल्ला उचलायला सांगितलं. त्यांनी पदर खोचला, दात खाऊन जोर लावला. पल्ला हलला नाही. चेहरा उतरला होता तो जरा खुलला. पावसाळ्यात दार अडलं तर स्क्रू थोडे वर पिळा, वैशाखात पुन्हा खाली घ्या, एवढं सांगितलं.

सरकतं दार कोणी लावत असेल तर कुलूप शेवटी घ्यावं. आधी बाहेर उभं राहून पल्ला उचलून पाहावा, तोही घरातल्या बाईनं. आपण ओढून पाहतो, ती उचलून पाहते.

घरी आलो. साळा अजून ओट्यावरच होता. पिशवी ठेवली, रिकामी घागर घेतली आणि विहिरीवर गेलो. आजवर पाणी पुंजाच भरायची.