सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा

लग्न होऊन मी मालगुंडच्या आतल्या अंगाला असलेल्या एका वाडीत आले, तेव्हा एकोणीसशे ऐंशी साल उजाडून थोडीच वर्षं झाली होती. घरात माणसं तीन. सासरे, सासूबाई आणि मी. नवरा मुंबईला एका छापखान्यात कामाला होता. शिमग्याला, गणपतीला आणि जमलं तर मे महिन्यात यायचा. त्यामुळे माझा संसार खरं तर सासूबाईंबरोबरच सुरू झाला.

सासूबाई म्हणजे दणदणीत बाई. सकाळी चूल पेटायच्या आधी त्यांचा आवाज सुरू व्हायचा. कोंबडी शेजारच्या परड्यात गेली तर कोंबडीला शिव्या, शेजारणीने ती हाकलली तर शेजारणीला. पहिल्या वर्षी मला एवढं बोलल्या, की मी मागील दारी जाऊन रडायचे. पण मला ताप आला तेव्हा उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवणाऱ्याही त्याच होत्या.

दुसऱ्या वर्षी आंबे उतरून झाले आणि त्या हळूहळू गप्प होत गेल्या. आधी वाटलं, दमल्या असतील. मग जेवण कमी झालं. पुढ्यातली पेज गार होऊन तिच्यावर साय धरायची, तरी हात पुढे यायचा नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी जाग्या व्हायच्या आणि मागल्या पायरीवर नुसत्या बसून राहायच्या. भातलावणीला त्या आल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच, असं सासरे म्हणाले. वाडीतल्या बाया चिखलात वाकून मला विचारत होत्या, "काय गो, सासूला काय झालंय?"

सगळ्यांना कारण हवं होतं. कोणी म्हणालं, बाहेरचं लागलंय. कोणी मुलाची आठवण म्हणालं, कोणी सुनेच्या पायगुणावर ठेवलं. सासऱ्यांनी देवळात जाऊन कौल लावला, मग लांबच्या एका गावातून जाणकार आणला. त्याने अंगारा दिला. मालगुंडच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. सासूबाई अंगारा लावून घेत, इंजेक्शनं टोचून घेत आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसत. मीही कारण शोधत होते. आज वाटतं, कारण सापडलं असतं तरी त्याने काही बरं झालं नसतं. मलेरिया झालेल्या माणसाला आपण कारण विचारत नाही, औषध देतो.

एका दुपारी त्यांनी मला माजघरात बोलावलं. पेटी उघडली होती. त्यातून त्यांची सोन्याच्या मण्यांची माळ काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव."

"आई, मला कशाला? तुमची आहे."

"ठेव गो. आणि बियाण्याचे वाल मडक्यात आहेत, राख घालून. ह्यांना पेज घट्ट लागते. पातळ झाली तर बोलणार नायत, पण जेवणार पण नायत."

आवाजात काही नव्हतं. ना राग, ना रडू.

माझं माहेर दापोलीकडचं. मी शाळेत असताना आमच्या शेजारची एक बाई गेली होती. आपला जीव आपण संपवून गेली. त्यानंतर आमच्या पडवीत जमलेल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, की आधी काही दिवस ती कशी वागत होती, काय बोलली होती, कुणाला काय देऊन गेली होती. प्रत्येकीला काही ना काही जाणवलं होतं. "पण विचारायचं कसं?" असं जी ती म्हणत होती. विचारलं तर नसलेलं मनात भरेल, अशी भीती. ते बोलणं माझ्या कानात इतकी वर्षं राहिलं असेल, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

सुनेने सासूला असं काही विचारायची रीत नव्हती. मी त्यांच्यासमोर मोठ्याने हसतही नसे. पण मी खाली बसले, माळ त्यांच्या मांडीवर परत ठेवली आणि विचारलं, "आई, तुमच्या मनात जीव द्यायचं येतंय का?"

मला वाटलं, त्या मला थोबाडीत मारतील. त्या पेटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येतं."

पुन्हा म्हणाल्या, "रोज येतं." आणि रडायला लागल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही दोघी तशाच बसून होतो, सासरे येईपर्यंत.

सासऱ्यांना मी पडवीत गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, रत्नागिरीला मनाच्या आजाराचं सरकारी इस्पितळ आहे, तिथे नेऊया. आमच्याकडे त्याला त्या नावाने कोणी ओळखत नसे. वेड्यांचं इस्पितळ म्हणत, आणि पोरं भांडताना एकमेकांना तिथे धाडत.

"आपल्या घरातलं माणूस तिथे?" सासरे म्हणाले. "लोकांना कळलं तर उद्या तुझ्या पोरांची लग्नं जमायची नायत."

मला तेव्हा पोरं नव्हतीच. ते मी बोलून दाखवलं. ते उठले. मला वाटलं, रागावले. पण ते घराच्या बाजूच्या खोपीत गेले, आंब्यावर फवारायचं औषध तिथे असायचं ते उचललं आणि भावकीतल्या एका घरी ठेवायला घेऊन गेले. परत आल्यावर पाय धुताधुता म्हणाले, "उद्याची पहिली गाडी धरू. तोवर तिला एकटी सोडू नको."

गाडीवर शेजाऱ्यांनी विचारलंच, कुठे चाललात सगळी? "हिचे डोळे दाखवायला," सासरे म्हणाले. एस.टी. निवळीवरून वळसा घालून रत्नागिरीला जायची. सबंध वाटेत सासूबाई खिडकीच्या गजाला डोकं टेकून होत्या. माझ्या डोळ्यांसमोर साखळ्या, गज, किंचाळ्या असलं काहीबाही येत होतं.

तिथे पोचलो तर बाकांवर माणसं बसली होती, कुठल्याही दवाखान्यात बसतात तशी. कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या पायाशी ओली छत्री. एक बाई आपल्या तरण्या मुलाला केळं सोलून देत होती. मी एवढी घाबरून आले होते, की ते केळं बघून मला रडूच आलं.

डॉक्टर कोल्हापूरकडचे होते. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "उदास वाटतंय का, मावशी?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या.

सासरे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आई, मला सांगितलंत ते सांगा ना." तेव्हा त्या म्हणाल्या, "छातीवर धोंडा ठेवल्यासारखा वाटतो. कशात जीव लागत नाय. घरात माणसं हायत, पण सगळी लांब गेल्यासारखी वाटतात."

डॉक्टर लिहायचं थांबले. "ह्यालाच मी उदास म्हणतो," ते म्हणाले. "तुमचा शब्द जास्त बरोबर आहे." मग त्यांनी जीव द्यायच्या विचारांबद्दलही सरळ विचारलं, मी विचारलं होतं त्याहून शांतपणे. सासूबाईंनी सांगितलं. सासरे जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"ठेवून घ्यावी लागेल काय?" त्यांनी विचारलं.

"घरात कोणी ना कोणी सतत जवळ असणार असेल, तर नाही. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. पण गोळी घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होणार नाही. काही आठवडे धीर धरावा लागेल. मध्येच थांबवू नका. आणि विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. विचारल्याने कुणाच्या मनात भरत नाही. साठलेलं असतं त्याला वाट मिळते."

ते आठवडे कठीण गेले. गोळ्यांनी सासूबाईंच्या तोंडाला कोरड पडायची, दिवसा झापड यायची. "हे असलं औषध नको," असं रोज म्हणायच्या आणि मी रोज पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायचे. शेतावर मी गेले तर सासरे घरी थांबत. ते गेले तर मी. बायकोजवळ नुसतं बसून राहायचं त्यांना येत नव्हतं, म्हणून ते सुंभ वळत बसायचे. त्या श्रावणात आमच्याकडे एवढं सुंभ झालं, की ठेवायला जागा नव्हती.

मग एका दुपारी काळ्या वाटाण्याच्या कालवणाचा घास घेऊन सासूबाई थांबल्या. "मीठ काय पोत्याने घातलंस?" त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. कालवण खरंच खारट झालं होतं. मला आयुष्यात एवढं बरं वाटणारं बोलणं कोणी ऐकवलेलं नाही.

गणपतीला नवरा आला. सासऱ्यांचं म्हणणं, त्याला सांगायला नको, मुंबईत जीवाला घोर लावून घेईल. सासूबाईंनीच मोदकाचं खोबरं किसता किसता त्याला सांगून टाकलं, "मी मरायला निघाले होते. तुझ्या बायकोने विचारलं म्हणून राहिले." तो आईच्या पायाशी बसून रडला. त्या म्हणाल्या, "पुरे आता. नारळ फोड."

पुढच्या एका खेपेला इस्पितळाच्या बाकावर आमच्याच वाडीतले एक गृहस्थ दिसले. वाडीत वजन असलेला माणूस. शेजारी त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती. त्यांनी आम्हाला बघितलं, आम्ही त्यांना. कोणाला लपायला जागा नव्हती.

"डोळे दाखवायला आलो," ते म्हणाले.

"आम्ही पण," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोघांचे पण डोळे गेले काय? हे डोळ्यांचं इस्पितळ नाय."

त्या मुलीने मान वर केली आणि ती हसली. त्या दिवशी परतीच्या गाडीत दोन्ही घरं एका बाकावर होती. नंतर आम्ही एकत्रच जायला लागलो. एका घरातला माणूस अडला तर दुसऱ्याने गोळ्या आणायच्या, असं ठरलं. शेताची कामं लागली की सगळ्यांना घर सोडता येत नसे. त्यामुळे त्याचा फार उपयोग झाला.

सगळं सरळ गेलं असं नाही. दिवाळीनंतर सासूबाईंनी कुणाला न सांगता गोळ्या थांबवल्या, कारण बरं वाटत होतं. काही दिवसांनी त्या पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. या वेळी ना कौल लावला, ना जाणकार आणला. सासऱ्यांनी कोट चढवला आणि गाडी धरली. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा, कुठे जातोय ते त्यांनी नीट सांगितलं.

ही गोष्ट वाडीत, मग आजूबाजूच्या वाड्यांत पसरली. लग्नं मोडली नाहीत. उलट बायका भाजी निवडायच्या निमित्ताने येऊन सासूबाईंजवळ बसायला लागल्या. कुणाची बहीण झोपत नव्हती, कुणाची सून बाळंतपणानंतर पोराकडे बघत नव्हती. सासूबाई आडपडदा ठेवत नसत. "मनात काय येतं ते सांग. लाजू नको, मला पण यायचं," असं म्हणत आणि पुढच्या गाडीला तिच्याबरोबर जात. एका घरच्यांनी मात्र त्यांना उंबऱ्याबाहेरून परत पाठवलं. आमच्याकडे असलं काही नाही, म्हणाले. सासूबाई नंतरही दोनदा गेल्या. त्या घरातल्या तरुण मुलाचं पुढे काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस कमी बोलत होत्या, पण गोळ्या त्यांनी थांबवल्या नाहीत आणि लोकांच्या घरी जाणंही थांबवलं नाही.

त्या भरपूर जगल्या. काही वर्षांनी डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी करून बंद केलं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, नातवंडांना यथेच्छ शिव्या दिल्या. एकदा उन्हाळ्यात आम्ही दोघी काजू भाजत बसलो होतो, तेव्हा मी त्यांना विचारलं, "आई, तेव्हा नेमकं कसं वाटायचं हो?"

त्यांनी काठीने काजू वरखाली केले. "आता नीट आठवत नाय गो," त्या म्हणाल्या. "हे कधी सरायचंच नाय, असं वाटायचं, तेवढं आठवतं. पण सरलं." आणि धूर डोळ्यांत जातो म्हणून त्या उठून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या.