चिंचेच्या पाण्यातली पानं

त्या काळी मी जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी प्रयोगशाळेत होतो. शेतकऱ्यांनी आणलेली पानं वाळवायची, भट्टीत जाळून पांढरी राख करायची, ती आम्लात विरघळवून तिच्यातलं लोह, तांबं, जस्त मोजायचं. जस्त ओळखायचं रसायन घातलं की रंग गुलाबी यायचा. जितका गडद, तितकं जस्त जास्त. हे सगळं इतकं थोडं असायचं की घामेजलं बोट लागलं तरी आकडा बदलायचा. म्हणून माझ्या काचसामानाला कुणी हात लावला की मी खेकसायचो. डोक्यात थोडी हवाही होतीच.

संग्रामपूरकडची एक बाई संत्र्याची पानं घेऊन आली. बाग पिवळी पडत होती, नवी पानं बारीक राहत होती. मला जस्ताचीच उणीव वाटत होती, पण रंग आला भडक गुलाबी. ‘जस्त भरपूर आहे, रोग मुळांचा असावा,’ असं कळवून मी मोकळा झालो.

पंधरवड्याने ती पुन्हा हजर.

“सायेब, अजून एकडाव पाहून द्या न. मामंजी बाग तोडाले निंघाले.”

मी उखडलो. “आमचे आकडे काय खोटे असतात?”

“तसं नाही जी. पानं तं मी किती निगुतीनं आणली व्हती. सरकारी कामाले धुळीची कशी आणू? देवाची भांडी घासतो तशी चिचेच्या पाण्यात रातभर ठेवली, नव्या बादलीत.”

“कसली बादली?”

“जस्ताची.”

मी तिची जुनी नोंद उघडली. आंबट पाण्याने बादलीचं जस्त सुटून पानांना लागलं होतं, आणि मी ते झाडाचं म्हणून मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन पानं मी स्वतः तोडली. या वेळी गुलाबी रंग जेमतेम उमटला. जस्ताची फवारणी करा, झाडं सुधारतील, हे सांगायला धावत गेलो, तर अर्ध्या बागेचं सरपण अंगणात रचलेलं होतं.

बादलीचं कळताच सासरे सुनेवर कडाडले, “तुले कोनं सांगतलं व्हतं वं ते पानं धुवाले?”

तिने मान खाली घातली. “हाव, चूक माहीच झाली.”

पानं कशी आणायची हे सांगणं माझं काम होतं, आणि मी तिला ते सांगितलं नव्हतं. त्या अंगणात एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी समोर आलेला चहा प्यायलो आणि परतीची एसटी धरली.