कलम चार

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच कप उचला. माझा मूर्खपणा तुम्हाला चहाबरोबर फुकट मिळतोय, जरा कदर करा!

ग्वाल्हेरच्या कचेरीत मी हुकुमांचे मसुदे लिहीत असे. एकदा आमचे काका आजारी पडले. घरात वैद्य, डॉक्टर, मांत्रिक यांची नुसती झुंबड! जो येईल तो इलाज ठरवतोय, काकांना विचारतंय कोण? म्हटलं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. बसलो आणि माझ्या पुढच्या आजारपणाचा पक्का मसुदाच करून टाकला.

चाकूला मी भयंकर भितो. म्हणून कलम तीन: थोरल्या दादांच्या संमतीशिवाय अंगाला चाकू लावू नये. दादा काय, आमच्याच माधवगंजात, पलीकडच्याच गल्लीत! आणि कलम चार, म्हणजे अकलेचा कळस: दुखण्यात मी काहीही बोललो तरी ते मानू नये.

कागद बायकोला वाचून दाखवला आणि तिच्याच हाती दिला. ती "हं" म्हणाली.

पुढे आमच्या मध्यभारत राज्याचा मध्यप्रदेश झाला. बऱ्याच कचेऱ्या भोपाळला हलल्या, फायलींबरोबर दादांचीही बदली झाली; मी मागेच राहिलो. मसुदा दुरुस्त करायचं कुणाच्या लक्षात राहतंय?

आणि माझं अपेंडिक्स सुजलं!

इस्पितळात मी गडाबडा लोळतोय. डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, पेट चीरना पड़ेगा. फ़ौरन."

"तो चीरो ना!" मी ओरडलो.

डॉक्टर आत गेले. बायकोनं पिशवीतून कागद काढला, चष्मा पुसला. "कलम तीन. दादा भोपाळला आहेत."

"अगं, त्यांची तार येईपर्यंत मी मरेन!"

"कलम चार. हे मानायचं नाही."

"मी पूर्ण शुद्धीवर आहे!"

"हेही तुम्हीच बोलताय."

एक पळवाट ठेवली नव्हती हो मी! स्वतःच्या भाषेचा इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. शेवटी रडलो. "अगं, मला जगायचंय!"

तिनं शांतपणे कागदाची घडी घातली. "डॉक्टरांना मी केव्हाच हो म्हटलंय. हत्यारं उकळताहेत. म्हटलं, तोवर वाचावं."

"मग हा मसुदा?"

"यावर तुमची सही कुठाय?"

पाहतो तो खरंच नाही! जन्मभर मसुदा माझा आणि सही साहेबांची. खाली सवयीनं लिहून गेलो होतो, 'मंजुरीसाठी सादर.'

"सादर मलाच केला होतात ना?" बायको म्हणाली. "मी तो पहिल्याच दिवशी नामंजूर केला."