भीमण्णाला पाठ फिरवायला शिकवणाऱ्या अक्का

सुभद्राक्का जाधव यांची आणि माझी ओळख झाली तेव्हा आम्ही दोघांनी एका भाजलेल्या बैलाच्या अंगावर ओलं गोणपाट धरलं होतं. बेंगळुरात, येलहंक्याच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या गुरांसाठी त्यांनी आसरा उभारला आहे. त्या दुपारी टेकडीवरचं वाळलेलं गवत पेटलं आणि वणवा कुंपणाच्या आत शिरला. मी पशुवैद्य, जे. पी. नगरहून, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, पोचेपर्यंत आग विझली होती. फाटक सताड उघडं होतं, मागे नांगरलेलं रान मोकळं होतं. मग जनावरं भाजली कशी, असं मी विचारलं.

"ती आगीकडे पळाली, डॉक्टर," अक्का म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं त्यांना."

इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी असा हादरलो नव्हतो. या भागात संक्रांतीच्या संध्याकाळी गुरांना न्हाऊ घालतात, त्यांची शिंगं रंगवतात आणि पेटत्या गवतावरून त्यांना पलीकडे उडी घ्यायला लावतात. त्याला किच्चु म्हणतात. जाधवांचं घराणं बेंगळुरात कैक पिढ्यांचं. वडिलांनी हौसेनं पाळलेली ही चाल अक्कांनी आसऱ्यातही चालू ठेवली होती. जाळाच्या पलीकडे ऊस आणि गूळ ठेवलेला असे. वणवा आला तेव्हा रामा आणि भीमण्णा ही बैलजोडी पलीकडे गूळ असणार या भरवशावर जाळाच्या दिशेनं निघाली. रामा गेला. भीमण्णा वाचला, त्याच्या एका कुशीवर आजही केस उगवत नाहीत.

अक्कांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात असा मजकूर शोभत नाही, हे मला कळतं. पण रामाचं लिहिणार नसाल तर माझ्याबद्दल काहीच लिहू नका, असा अक्कांचा निरोप आहे आणि त्यांचा शब्द मोडण्याची माझी छाती नाही. आसऱ्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या आधी ही हकिकत सांगतात, मग चहा विचारतात. पहिल्यांदा आलेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मी गेलो, तर अक्का स्वतःच्या हातानं कुंपणाबाहेरचं गवत पेटवत होत्या. दुःखानं यांचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. नंतर पाण्याचा टँकर दिसला, फांद्या घेऊन उभी असलेली माणसं दिसली. परवानगी काढून, वारा पडलेला पाहून त्या जाळरेषा आखत होत्या. गवत आधीच जाळून टाकलं की उन्हाळ्यात आगीला पुढे सरकायला काही उरत नाही. गोठ्याला लागून त्यांनीच लावलेली बांबूची बेटंही त्यांनी तोडायला काढली. मी हळहळलो, तर कोयता माझ्याच हातात दिला. फाटकांची कुलपं गेली, साध्या कड्या आल्या.

राहिला भीमण्णा. रोज सकाळी गोठ्याच्या एका अंगाला पिंपात ओला पाला पेटवून धूर करायचा आणि विरुद्ध दिशेला, नांगरलेल्या रानात उभं राहून पत्र्याचा डबा वाजवायचा. गूळ तिथेच. बाकीची गुरं लवकर शिकली. भीमण्णा मात्र नेमानं धुराकडे जायचा. तिथे काही नाही म्हणून खट्टू होऊन उभा राहायचा. हा शिकणार नाही, उन्हाळाभर बांधून ठेवा, असा सल्ला मी दिला. अक्का कुणावर आवाज चढवत नाहीत, माझ्यावरही चढवला नाही.

"बांधलेल्या जनावरानं वणव्यात काय करायचं, डॉक्टर? स्वल्प वेळ लागंल त्याला. सरी, ठीक आहे, लागू दे."

माणसांवरची त्यांची मायाही अशीच. माझी पत्नी आजारी होती तेव्हा त्या घरी डबा घेऊन आल्या. आल्या आल्या गॅसचं बटण तपासलं आणि बाल्कनीच्या जाळीला कुलूप पाहून मला असं फैलावर घेतलं की विचारू नका. किल्ली दाराशी टांगल्यावरच जेवण वाढलं. आमच्याकडे ती किल्ली अजून तिथेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात टेकडी पुन्हा पेटली. मी लसी टोचायला गेलो होतो. जाळरेषेपलीकडे ज्वाळा दिसल्या. अक्कांनी डबा उचलला आणि त्या रानाकडे चालू लागल्या. गुरं मागोमाग निघाली. भीमण्णा वळला, जाळाच्या दिशेनं काही पावलं गेला आणि थांबला. अक्कांनी हाक मारली नाही, नुसता डबा वाजवत राहिल्या. भीमण्णानं जाळाकडे पाहिलं, डब्याच्या आवाजाकडे कान फिरवले आणि सावकाश पाठ फिरवून रानात आला. त्याला गूळ भरवताना अक्का मोठ्यानं रडल्या. आग जाळरेषेशीच थांबली.

तिथीनं त्यांची पंचाहत्तरी झाली तेव्हा आम्ही त्यांना आसऱ्याच्या अंगणात पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरवलं. अक्कांनी पाण्याच्या बादल्या भरवल्या, मगच त्या पाटावर बसल्या. दिवे लागले मात्र, भीमण्णा गोठ्यातून उठला, कुणीही न बोलावता ताटाकडे पाठ फिरवून रानात जाऊन उभा राहिला. मागोमाग सगळी गुरं गेली. अक्का पाटावरून उठल्या, दिवे विझवायला सांगितले आणि गूळ घेऊन त्यांच्यामागे चालत्या झाल्या. आम्ही पाहुणे विझलेलं ताट घेऊन तिथेच उभे.

ती ओवाळणी अर्धीच राहिली आहे. अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि पुढची कितीतरी वर्षं, भीमण्णाच्या कृपेनं, ती अशीच अर्धी राहो.