अडुसष्ट नंबरचा ब्लॉक

भुताखेतांवर विश्वास असता तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एक दिवस टिकलो नसतो... आमच्या कपाटात निम्म्या नाशिकचे अवयव बरण्यांत होते आणि त्यांच्यासमोर बसून मी मिसळ खायचो, तर्री जास्त घेऊन. पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा — मीही हसलो होतो.

दोन हजारनंतरची पहिली चार-पाच वर्षं, इंदिरानगरमधली लॅब. माझं काम — मेंदूच्या गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढताहेत ते मोजणं. गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे, त्याचा पापुद्रा काचेवर घेऊन रंगवायचा. वाढणाऱ्या पेशी तपकिरी, बाकीच्या निळ्या. मग मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. माझी नजर अशी, की निफाडच्या मळ्यातले द्राक्षांचे मणी इथून मोजले असते.

पेठकडच्या एका बाईंची मुलगी, हिरा, वय एकोणीस. तिची गाठ काढलेली, नंबर अडुसष्ट. मी मोजलं — शंभरात तीस तपकिरी. म्हणजे डोक्याला ताबडतोब किरणांचा शेक. डॉक्टरांनी सही केली.

दुपारी बाई रिपोर्ट आणि ब्लॉक न्यायला आल्या. ब्लॉक मुठीत धरला आणि परत माझ्यापुढे केला.

"दादा, हा माझ्या पोरीचा नाय."

"मावशी, मेण आहे ते. त्याला काय नाकडोळे असतात?"

"हा गार हाय."

"गरम असता तर वितळला नसता का?"

"हसा तुम्ही. मी हा नेणार नाय." आणि बाकड्यावर बसल्या.

त्यांना गप्प करायला मी रजिस्टर उघडलं. अडुसष्ट — तीन तुकडे. हातातल्या ब्लॉकमध्ये एकच... ब्लॉक उलटा फिरवून चिठ्ठी वाचली. नंबरची चिठ्ठी आम्ही मेणातच बसवायचो आणि आकड्याखाली रेघ मारायचो, कारण 89 उलटा धरला की 68 वाचला जातो. रेघ मारायची मीच विसरलो होतो; हातातला ब्लॉक एकोणनव्वदचा होता.

दोन्ही ब्लॉक पुन्हा कापले, रंगवले. दुसऱ्या दिवशी हिराच्या पेशी मी मोजल्या, डॉक्टरांनी वेगळ्या मोजल्या — शंभरात दोन. शेक टळला. एकोणनव्वदचा रिपोर्ट अजून टेबलावरच होता, तोही सुधारला.

पण मी कसला गप्प बसतोय... बाई सुधारलेला रिपोर्ट न्यायला आल्यावर हिराच्या ब्लॉकसह पाच ब्लॉक चिठ्ठ्या खाली करून मांडले. त्यांनी प्रत्येकावर तळवा ठेवला आणि हिराचा उचलला. मी ते पिसले. पुन्हा तोच.

"झाला का खेळ, दादा? पोरगी एकटी हाय." आणि गेल्या.

उरलेले चारही मी गालाला लावून पाहिले. सगळे सारखेच गार. का, कसं — आजही मला सांगता येत नाही.

रजिस्टरमध्ये 'तपासणी पुन्हा का केली' असा रकाना असायचा. त्यात मी आयुष्यभर एकाहून एक थापा लिहिल्या — व्होल्टेज, खराब केमिकल, कबुतर. त्या दिवशी एकही थाप सुचेना. लिहिलं : 'चिठ्ठीवर रेघ मारली नव्हती. आई म्हणाली, गार आहे.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. खाली सही केली.