तात्याचा दात

ऐका — ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली न्हाई. ती गेली, तरी न्हाई. आज सांगाय बसलोय.

घोटावड्याकडं आमची भात भरडायची गिरणी हाय. भाऊ गेला, तवापास्नं कारभार माझा. शाळा दुसरीपर्यंत. पण शेतकरी भात घेऊन आला, की मी दोन दाणे दाताखाली धरायचो. कट्ट वाजलं — भरडा! मऊ लागलं — "जा, अजून ऊन दे." ओलं भात भरडलं, की तांदळाची नुसती कणी होती. माझा शब्द कुणी मोडत नव्हतं. तात्याचा दात म्हंजी दात!

मग दाढा गेल्या, कवळी आली. कवळीला काय कळतंय? पण हे कबूल करणार कोण — मी?

ओळखलं एकटीनं. भावाच्या पोरीनं, सोनालीनं. आधी ती गुपचूप दाणा चावायची, मग माझ्यामागं येऊन उभी राहायची. खाकरली, की ओलं. गप राहिली, की भरडायचं. काय मजा यायची म्हणून सांगू! माणसं वाहवा करायची माझी, नि आमी दोघं आतल्या आत हसायचो. "तात्या, कवळी पडंल," म्हणायची. हळूहळू कुणाचं भात आधी घ्यायचं, नवं मशीन कुठलं आणायचं, सगळं तीच ठरवाय लागली. हुकूम तेवढा माझ्या तोंडचा.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. भावकी बसलेली. सोनाली उठली — "तात्या, गिरणी माझ्याकडं द्या. दत्तूदादाचं ह्यात ध्यान न्हाई." दत्तू माझा पोरगा. सगळे माझ्याकडं बघाय लागले. खरं बोलाय एक वाक्य पुरलं असतं — न्हाई का? आन् मी काय म्हणालो?

"आगं, भात ओळखाय तात्याचा दात लागतो. तुला काय कळतंय?"

भावकी खदखदा हसली. ती एक शब्द बोलली असती, तर माझी अब्रू तितंच गेली असती. न्हाई बोलली. किल्ली मी दत्तूच्या हातात दिली. अर्धी गिरणी तिच्या बापाची — हे ठाऊक असून दिली.

ती आता भूगावात दुसऱ्याच्या दुकानात तांदूळ विकती. हितं मी अजून दाणे तोंडात धरतो, मान हलवतो, म्हणतो, "भरडा." कणी निघाली, की शेतकऱ्यालाच दरडावतो — तुझंच भात ओलं होतं. तो मुकाट पोतं उचलतो.