एक की नऊ

आमच्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला आम्ही केसपेपरच्या खिडकीवरच्या बायका जपूनराव म्हणतो. जिना उतरणाऱ्याला 'जपून', चहा ओतणाऱ्याला 'जपून'. शिंक आली तरी आधी आजूबाजूला बघून घेईल.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला माझ्यापुढे येऊन उभा. चेहरा पांढराफटक.

"काकू, सर्व्हरच्या खोलीत सोबतीला येता?"

"का रे, भूत आहे तिथे?"

हसला नाही. तेव्हा मी पेन ठेवून उठले.

वाटेत सांगितलं. हॉस्पिटलचे दहा-बारा सर्व्हर एकाच पेटीत चालतात. त्या पेटीला हुकूम द्यायची वाट वेगळी, आणि तीच बंद पडलेली. पेटी चालू, पण हाकेला ओ नाही. वरच्या मजल्यावर एका बाईच्या मेंदूचं ऑपरेशन चाललेलं, आणि डॉक्टर ज्या स्कॅनकडे बघून हात चालवत होते, तो याच पेटीतून पडद्यावर येत होता.

तेवढ्यात त्याच्या साहेबांचा फोन. "अरे, रीस्टार्ट मार आणि मोकळा हो!"

"साहेब, परत उठायला वीस मिनिटं लागतील. बाई टेबलावर आहे."

"आणि पेटी आपोआप बसली तर? जबाबदार तू!"

पेटीच्या पडद्यावर तळाशी दोन बटणं लिहिलेली. एफ टू सेटिंगचं, एफ ट्वेल्व्ह पेटी बंद करायचं. याने कीबोर्डवर बोट नुसतंच वर धरलं.

"काकू, मोठ्याने वाचा. सेटिंगचं एफ टूच ना?"

"एफ टूच. दाब रे बाबा, माझंच बीपी चढलंय!"

नेटवर्कची टेस्ट केली. फेल. तार जोडलेली दिसते, पलीकडून उत्तर नाही.

मग आम्ही पेटीच्या मागे गेलो. सकाळीच एका फिटरने तिथला स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे खुपसतात तो भोकाभोकांचा डबा, बदलला होता. मी टॉर्च धरला.

"अरे, ही एक नंबरची तार नऊच्या भोकात कशी?"

"तारेवरच्या चिठ्ठीवर नऊच असेल."

"डोळे तपासून घे. मराठी एक आहे हा! कुणी लिहिलाय?"

"...मीच."

फिटरने इंग्रजी नऊ वाचला. दोन आणि तीन मराठी-इंग्रजीत सारखेच दिसतात, म्हणून त्या नंबरांच्या स्कॅनच्या तारा वाचल्या.

"पण काकू, खरंच नऊ असला तर? उपटली आणि स्कॅन गेला तर?"

स्वतःच्याच अक्षराला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्या तारेवरून बोट सरकवत तो पेटीपर्यंत गेला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा पहिल्याच भोकाशी पोचला. मग डोळे मिटून तार उपटली आणि एकच्या भोकात खुपसली.

मी थिएटरला फोन लावला. "स्कॅन दिसतोय का गं?"

"दिसतोय की. का हो?"

"काही नाही, सहज."

टेस्ट पास झाली. पेटीने ओ दिली. साहेबांचा पुन्हा फोन आला, "मारलास ना रीस्टार्ट?"

"नाही मारला," म्हणाला, आणि फोन यानेच ठेवला. मग भिंतीला टेकून खालीच बसला.

"काकू, ती बाई बाहेर येईपर्यंत इथेच थांबू या?"

खिडकीवर रांग लागली असणार, शिव्या बसणार, माहीत होतं. तरी बसले.